दिल्या शब्दाची उजळणी

बाप्तिस्मा माणसाच्या आयुष्यात एकदाच होतो. तो पुन्हा देता येत नाही, हा कॅथलिक ख्रिस्तसभेचा पक्का नियम आहे. तरीही दरवर्षी पास्खाच्या जागरणविधीत, अंधाऱ्या चर्चमध्ये एकेक मेणबत्ती पेटत गेल्यावर, सगळा समुदाय उभा राहतो आणि बाप्तिस्म्याची वचने नव्याने उच्चारतो. चांदा धर्मप्रांतात जी सिरो-मलबार उपासना चालते, तिच्यातही पवित्र शनिवारी हे नूतनीकरण होते. आपण तान्हे असताना आईवडिलांनी आणि धर्ममातापित्यांनी आपल्या वतीने जी उत्तरे दिली, ती आता आपण आपल्या तोंडाने देतो. जे मोडलेले नाही, जे पुसले जाऊच शकत नाही, ते पुन्हा नवे का करायचे? ही पुस्तिका या एका प्रश्नाभोवती लिहिली आहे. लिहिताना डोळ्यांसमोर वाचक ठेवला आहे तो भामरागडसारख्या ठिकाणी राहणारा प्रापंचिक कॅथलिक.

भामरागड निवडण्यामागे कारण आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या दूरच्या कोपऱ्यात, छत्तीसगडच्या हद्दीला लागून, इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तीन नद्यांच्या संगमाजवळ हे तालुक्याचे गाव आहे. चांदा धर्मप्रांताच्या बल्लारपूरमधल्या कॅथेड्रलपासून निघाले की गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, पेरमिली, ताडगाव, हेमलकसा अशी वाट. आलापल्लीनंतर दोन्ही बाजूंना जंगल. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की गावाचा बाकी जिल्ह्याशी संबंध तुटतो, कधी काही तास, कधी सलग काही दिवस. वर्षानुवर्षे हेच चालत आले आहे. ही भूमी माडिया गोंडांची. त्यांचे पेन म्हणजे देव, त्यांचे गोटुल म्हणजे तरुणांचे जमण्याचे घर, गावच्या पेरमाचा म्हणजे पुजाऱ्याचा मान हे सगळे कुठल्याही मिशनच्या कितीतरी आधीपासून इथे आहे. अशा मुलखात कॅथलिक माणूस असलाच तर बहुधा एकटादुकटा असतो: बदलीवर आलेली परिचारिका, आश्रमशाळेतला शिक्षक, बँकेतला कारकून, झारखंडकडचा एखादा राखीव दलाचा जवान. त्याच्या रविवारला घंटा नसते. शेजारी गुडघे टेकणारे कुणी नसते. वसईत किंवा बांद्र्यात धर्मग्राम आपल्याला वर्षभर धरून ठेवतो, इतका की आपण स्वतः काही धरले आहे की नाही हे तपासण्याची वेळच येत नाही. भामरागडात ती पहिल्याच महिन्यात येते.

आणि नेमक्या याच मुलखात कॅथलिक श्रद्धा ज्या दोन वाटांनी आली, त्या दोन्ही वाटांच्या मुळाशी प्रापंचिकांसाठी लिहिलेला एकेक मजकूर आहे. दोन्हींत एकच आग्रह आहे: वचन ठरावीक काळाने पुन्हा हातात घ्या, आणि ते तुमचे तुम्ही घ्या. त्या दोन मजकुरांची ओळख करून देणे हे या प्रस्तावनेचे मुख्य काम आहे.

पहिली वाट नागपूरची. आज फ्रान्समध्ये असलेल्या अनेसी या गावी १८३८ मध्ये फादर पीटर मेर्मिये यांनी संत फ्रान्सिस द साल यांच्या नावाने एक मिशनरी संघ काढला. आपल्याकडे त्यांना फ्रान्सेलियन म्हणतात. १८४६ मध्ये त्यांचे पहिले मिशनरी विशाखापट्टणमला पोहोचले आणि पुढे मध्य भारतात आले. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला. सदरमधले कॅथेड्रल, शहरातली शाळा आणि महाविद्यालय ही आजही त्याच संताच्या नावाने ओळखली जातात. विदर्भातल्या कितीतरी घरांत 'एसएफएस' ही तीन अक्षरे शाळेच्या बिल्ल्यावरची म्हणून माहीत असतात. त्या नावाच्या माणसाने काय लिहून ठेवले आहे, ते मात्र फार थोड्यांनी वाचलेले असते.

फ्रान्सिस द साल (१५६७ ते १६२२) जिनिव्हाचे बिशप होते, पण जिनिव्हा कॅल्विनच्या अनुयायांच्या ताब्यात असल्याने ते अनेसीला राहत. त्यांच्या नात्यात मादाम द शार्मुआझी नावाची एक विवाहित स्त्री होती. घर, नवरा, दरबारी उठबस या सगळ्यात राहून देवाला धरून कसे जगावे, असा तिचा प्रश्न होता. तिला लिहून दिलेल्या टिपणांतून १६०९ मध्ये एक पुस्तक तयार झाले, भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारे. त्यात ते वाचकाला 'फिलोथेआ', म्हणजे देवावर प्रेम करणारी, या नावाने हाक मारतात. मठातल्या माणसांसाठी अशी पुस्तके आधी पुष्कळ होती. हे पुस्तक संसारातल्या माणसाला उद्देशून होते, आणि त्यात सुरुवातीलाच एक गोष्ट खडसावून सांगितली आहे: भक्ती ज्याच्या त्याच्या कामाला आणि कुवतीला शोभणारी हवी. बिशपने एकांतवासी संन्याशासारखे कोंडून घेणे, संसारी माणसाने भिक्षुकासारखे पैशाकडे पाठ फिरवणे, कारागिराने कामधंदा टाकून दिवसभर चर्चमध्ये बसणे, हे त्यांना हास्यास्पद वाटते. आपल्या पेशाला नडणारी भक्ती खोटी आहे, असे ते साफ म्हणतात. गडचिरोलीत रात्रपाळी करणाऱ्या नर्सने हे ऐकावे. तिची रात्रपाळी तिच्या भक्तीच्या आड येत नाही. तिची भक्ती त्या रात्रपाळीतच घडायची आहे.

पुस्तकाच्या पहिल्या भागात एक वचनपत्र आहे. वाचकाने ते देवासमोर स्वतः म्हणायचे, मनाशी पक्के करायचे. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती एक सोय. त्याच वचनात, ते देतानाच, असे म्हटले आहे की मानवी दुबळेपणामुळे मी पडलो तर देवाच्या कृपेने पुन्हा उठेन. पडणे गृहीत धरलेले आहे, आणि उठण्याचे वचनही त्याच श्वासात दिलेले आहे. आपल्याकडे नवस आणि शपथ यांच्याभोवती जी भीती असते, मोडले तर काय होईल ही, तिच्यामुळे अनेक चांगली माणसे वचन द्यायलाच धजत नाहीत. त्यांना हे पान दाखवावे.

मग येतो पाचवा भाग. तो सगळाच नूतनीकरणावर आहे. कितीही उत्तम घड्याळ असले तरी त्याला रोज सकाळ-संध्याकाळ किल्ली द्यावी लागते, आणि शिवाय वर्षातून एकदा ते सगळे उघडून गंज काढावा लागतो, वाकलेले सरळ करावे लागते, झिजलेले बदलावे लागते, असे द साल लिहितात. रोजची प्रार्थना ही ती किल्ली. वार्षिक नूतनीकरण म्हणजे उघडून साफ करणे. पुढे ते जुन्या ख्रिस्ती लोकांचा दाखला देतात: संत ग्रेगरी नाझियान्झस यांच्या म्हणण्याप्रमाणे ते लोक प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला आपल्या बाप्तिस्म्याची वचने नवी करीत. मग तपासणीचे मुद्दे येतात: देवाशी माझे कसे चालले आहे, माझे स्वतःशी कसे चालले आहे, शेजाऱ्याशी कसे, आणि माझ्या मनातल्या ओढी कुणीकडे धावत आहेत. शेजाऱ्याच्या प्रकरणात नवराबायको आधी येतात, आणि आपल्याला त्रास देणाऱ्या माणसांविषयी मनात काय आहे हेही विचारले जाते.

या भागातली एक सूचना तर जणू भामरागडासाठीच लिहिली आहे. ही तपासणी एका बैठकीत उरकायची गरज नाही, असे ते सांगतात. ती दोन-तीन वेळा तुकड्यातुकड्याने करा. काही भाग चालता चालता करा, काही अंथरुणावर पडल्या पडल्या, झोप येत नसेल तर. त्यासाठी सगळे सोडून एकांतात जाऊन बसण्याची सक्ती नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या एका बिशपला कळले होते की प्रापंचिकाजवळ सलग तीन दिवस नसतात. आजही आपण नूतनीकरणासाठी प्रथम साधनाकेंद्र बुक करतो, आणि ज्यांना रजा मिळत नाही ते आपोआप गळतात.

दुसरी वाट केरळहून आली. १९६२ पर्यंत हा सारा भाग नागपूरच्या महाधर्मप्रांतात होता. ३१ मार्च १९६२ रोजी चांदा हे वेगळे कार्यक्षेत्र करून सिरो-मलबार ख्रिस्तसभेकडे सोपवण्यात आले. केरळबाहेर त्या ख्रिस्तसभेला मिळालेले अशा प्रकारचे हे पहिलेच क्षेत्र, आणि त्याची जबाबदारी घेतली सीएमआय या कार्मेली संघाने. जॅन्युअरियस पालातुरुती हे त्याचे पहिले प्रमुख. १९७७ मध्ये चांदा पूर्ण धर्मप्रांत झाला. गडचिरोली जिल्हाच मुळी १९८२ मध्ये जन्मला; तेव्हा जिल्ह्याहून धर्मप्रांत वयाने मोठा आहे.

या संघाच्या संस्थापकांपैकी एक, संत कुरियाकोस एलियास चावरा (१८०५ ते १८७१). २०१४ मध्ये त्यांना संतपद मिळाले. त्यांच्या शाळा आणि छापखाना यांविषयी बरेच लिहिले जाते. पण १८६८ मध्ये त्यांनी आपल्या जन्मगावच्या, कुट्टनाडमधल्या कैनकरीच्या माणसांना एक पत्र लिहिले. एका चांगल्या बापाचे मृत्युपत्र अशा अर्थाच्या नावाने ते मल्याळम भाषकांत घरोघर माहीत आहे. कैनकरी म्हणजे चहूकडे पाणी, होडीशिवाय जाणे-येणे नाही. तिथल्या कुटुंबांना त्यांनी जे सांगितले ते कमालीचे व्यवहारी आहे: नड असल्याशिवाय कर्ज काढू नका, काढलेले वेळेवर फेडा. कोर्टकचेऱ्यांत पडू नका. मजुराची मजुरी अडवून ठेवू नका. विनाकारण लोकांच्या घरी जाऊन बसू नका. मुलांना शिकवा, आणि संध्याकाळची प्रार्थना चुकवू नका. हा ठेवा कुटुंबाजवळ राहावा आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सगळ्यांनी एकत्र बसून तो वाचावा, अशी त्यांची इच्छा होती.

म्हणजे एकाने वर्षाची खूण घालून दिली, दुसऱ्याने महिन्याची. एकाने एकट्या माणसाला घेऊन बसवले, दुसऱ्याने सगळ्या घराला. दोघांपैकी कुणीही हे काम धर्मगुरूवर टाकले नाही, आणि मला वाटते इथेच या विषयाचा गाभा आहे. प्रापंचिकाचे वचन प्रापंचिकानेच नवे करायचे असते. धर्मगुरू साक्षीला असला तर आनंद आहे. नसला म्हणून वचन शिळे होत नाही.

हे केवळ माझे मत नव्हे, ख्रिस्तसभेच्या जुन्या रिवाजाचा आधार त्याला आहे. प्रापंचिकांसाठी असलेल्या तिसऱ्या संघांचेच पाहा. संत फ्रान्सिस असिसीकरांच्या हयातीतच संसारी माणसे त्यांच्या मागे आली. त्यांच्यासाठी १२२१ च्या सुमारास जीवननियम तयार झाला, १२८९ मध्ये पोप निकोलस चौथे यांनी त्याला मान्यता दिली, १८८३ मध्ये लिओ तेरावे यांनी तो बदलला आणि २४ जून १९७८ रोजी पॉल सहावे यांनी आजचा नियम दिला. या फ्रान्सिस्कन प्रापंचिक संघात वचन मुळात आजन्म असते, पण त्याआधी तात्पुरते वचन घेता येते, दरवर्षी नवे करत, जास्तीत जास्त तीन वर्षे. आणि ते वचन संघाच्या वतीने स्वीकारतो कोण? स्थानिक बंधुसमूहाचा प्रमुख, म्हणजे स्वतः एक प्रापंचिक. शिक्षक असेल, शिंपी असेल, निवृत्त पोस्टमन असेल. ख्रिस्तसभेच्या आणि संघाच्या नावाने तो ते ऐकून घेतो. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, आणि आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात ती कधी सांगितली जात नाही याचे वाईटही वाटते.

कार्मेली प्रापंचिक संघात वचन आधी तीन वर्षांसाठी घेतात, मग कायमचे, आणि दरवर्षी पास्खाकाळात ते पुन्हा उच्चारतात. मारियेच्या सैन्यात, ज्याची सुरुवात १९२१ मध्ये डब्लिनला फ्रँक डफ यांनी केली, दरवर्षी २५ मार्चच्या आसपास सगळे सभासद एकत्र येतात आणि एकेकजण ध्वजाला हात लावून आपले समर्पण नवे करतो. समुदाय मोठा असला तरी वचन एकेकाने, एकट्याने, स्वतःच्या आवाजात म्हणायचे. रीत साधी आहे, पण शहाणपणाची आहे.

मराठी मुलखाला तर या परंपरेशी रक्ताचे नाते आहे. वसईचे संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर मारले गेले, हे वसईतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. त्या दिवशी एकूण सव्वीस जण मारले गेले. गोन्सालोंसह सहाजण फ्रान्सिस्कन संघाचे, तिघे जेझुइट. उरलेले सतराजण फ्रान्सिस्कनांच्या तिसऱ्या संघातले जपानी प्रापंचिक होते, त्यांत एक बारा वर्षांचा मुलगा. वसईच्या संताच्या बाजूला उभे राहिलेले बहुसंख्य लोक घरदार असलेले, कामधंदा करणारे साधे लोक होते. १८६२ मध्ये सगळ्यांना एकत्रच संतपद मिळाले. आपण गोन्सालोंचा सण थाटात करतो. त्या सतरा जणांची नावे एखाद्या वर्षी मोठ्याने वाचून दाखवली, तर सणाची शोभा वाढेल.

१९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेश काढला, आणि १९८८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी याच विषयावर सविस्तर प्रबोधपत्र लिहिले. पावित्र्याची हाक सर्वांना आहे, मठातल्यांना थोडी जास्त आणि बाकीच्यांना थोडी कमी असे नाही, ही शिकवण त्यात ठळक झाली. त्याविषयी इथे अधिक लिहीत नाही, कारण परिषदेचे दस्तऐवज सहज मिळतात आणि त्यांवर व्याख्यानेही पुष्कळ होतात.

व्याख्याने होतात, नूतनीकरण मात्र होत नाही, हे स्पष्ट बोलले पाहिजे. अनेक ठिकाणी आता त्याचा कार्यक्रम झाला आहे. मिस्सानंतर झेरॉक्स कागद वाटले जातात, सगळे एका सुरात वाचतात, फोटो निघतो, जेवण होते. लोक अप्रामाणिक असतात असे मी म्हणणार नाही. त्यांना तयारीला वेळच दिलेला नसतो. ज्या वचनाचा आठवडाभर आधी विचार केला नाही, ते कागदावरून वाचताना माणूस स्वतःला त्यात शोधू शकत नाही. पंचविसाव्या वर्षी अविवाहित असताना दिलेले वचन, पंचेचाळिसाव्या वर्षी दोन मुले, आजारी सासू, घराचे कर्ज आणि गडचिरोलीची बदली या सगळ्यासह पुन्हा द्यायचे असते. शब्द तेच असतात, पण ते देणारा माणूस बदललेला असतो, आणि म्हणूनच पुन्हा देणे अर्थपूर्ण ठरते. जुने वचन कच्चे होते म्हणून ते नवे केले जात नाही. मधल्या वीस वर्षांत जे काही आयुष्यात येऊन पडले, ते त्या वचनाच्या आत घ्यायचे राहिलेले असते. पहिल्या परिच्छेदातल्या प्रश्नाला माझ्यापाशी असलेले उत्तर ते हे.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. गळ्यात माळ घातलेला वारकरी दर आषाढीला पुन्हा निघतोच. माळ घातली म्हणजे वारी संपली, असे कुठल्याही वारकऱ्याने म्हटलेले ऐकिवात नाही.

आता भामरागडकडे परत येतो, कारण या पुस्तिकेतली तपासणीची पाने तिथल्या दिवसांना धरून लिहिली आहेत. द साल यांचे मुद्दे तसेच ठेवले, पण प्रश्न इथले घातले. तेंदूपत्त्याच्या हंगामात माझ्या हाताखाली कुणी काम केले असेल, तर त्याची मजुरी मी कधी दिली? कुणाला उसने दिले त्याच्याकडून धान्य किंवा मोहफुले किती घेतली? आश्रमशाळेतल्या मुलावर हात उगारला का? दवाखान्यात येणाऱ्या माडिया बाईशी तिच्या भाषेत चार वाक्ये बोलता यावीत म्हणून वर्षभरात मी काही शिकले का, की तिच्याबरोबर आलेल्या पोराकडूनच सगळे वदवून घेतले? जंगलातून नातेवाइकाला उचलून आणणाऱ्यांना मी बसायला सांगितले का? बदलीचा अर्ज करताना मी काय खोटे लिहिले? हे प्रश्न पापकबुलीच्या यादीसारखे वाटतील, पण त्यांचा रोख वेगळा आहे. वचन कुठे राहते ते शोधायचे आहे. या तालुक्यात ते मजुरीत, औषधात, भाषेत आणि हजेरीपटात राहते.

भामरागडला जाताना आधी हेमलकसा लागते. बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तिथे जाऊन राहिले. २००८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा बाहेरच्यांनी दखल घेतली; त्याआधीच्या कित्येक पावसाळ्यांत ते तिथेच होते. ते काही कॅथलिक व्रताने बांधलेले नाहीत. पण राहणे म्हणजे काय, हे या तालुक्यातल्या लोकांनी जवळून पाहिले आहे, आणि बदलीवर येऊन दिवस मोजणारा कोण हेही त्यांना लगेच कळते. इथल्या कॅथलिक माणसाने आपले वचन या मापाला लावून पाहावे, असे मला कळकळीने वाटते.

आणखी एक गोष्ट, जी संकोच न करता सांगायला हवी. हे नूतनीकरण शेजाऱ्याला आपल्या धर्मात आणण्याची मोहीम नाही आणि तिचा आडमार्गही नाही. माडियांचा देवधर्म त्यांचा आहे. ७ डिसेंबर १९६५ रोजी त्याच व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा स्वीकारला. श्रद्धेच्या बाबतीत कुणावर बळजबरी होता कामा नये, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. औषध देताना, शाळेत घेताना, मदत करताना मनात दुसरा हेतू ठेवला, तर ते औषधही दूषित होते आणि वचनही. म्हणून तपासणीच्या पानांत यासाठी वेगळा प्रश्न आहे, आणि त्यावरून घाईने पुढे जाऊ नये.

पुस्तिका कशी वापरावी याविषयी थोडेसे. कुटुंब असेल तर चावरांच्या रीतीप्रमाणे महिन्याच्या पहिल्या शनिवारी एक प्रकरण घ्यावे, जेवणाआधी. लहान मुलांना वाचायला द्यावे. एकटा माणूस असेल तर द साल यांच्या रीतीने तपासणी तीन-चार रात्रींत वाटून घ्यावी. वर्षाचा दिवस ज्याने त्याने निवडावा. पास्खा आहेच, पण पावसाळ्याची, निवडणुकीच्या ड्युटीची किंवा पेपर तपासणीची गैरसोय असेल, तर स्वतःच्या बाप्तिस्म्याची तारीख सर्वांत चांगली. ती बहुतेकांना माहीत नसते. ज्या धर्मग्रामात बाप्तिस्मा झाला तिथल्या नोंदवहीत ती असते, मग तो रांचीजवळ असो, कोट्टायमला असो की वसईत. पत्र पाठवून मागावी. धर्मगुरूची भेट होणार असेल तेव्हा त्यांच्यासमोर वचन म्हणावे. रस्ता बंद असेल तर घरातल्या क्रुसासमोर म्हणावे आणि नंतर कळवावे. शक्यतो दुसरा एक तरी माणूस ऐकायला असावा. तो कॅथलिक नसला तरी चालेल. आपण काय म्हणणार आहोत ते त्याला आधी सांगितले असेल, तर पुढच्या वर्षी तो हक्काने विचारू शकेल.

शेवटी नोंदीची बाब. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत पुढे दृढीकरण, विवाह, पुरोहितदीक्षा, धर्मसंघातले आजन्म व्रत यांच्या नोंदी होतात. प्रापंचिकाने दिलेल्या वचनाला तिथे रकाना नाही. तिसऱ्या संघांच्या बंधुसमूहांकडे त्यांची स्वतःची दप्तरे असतात, पण भामरागडातल्या एकट्या माणसाला बंधुसमूह कुठला? म्हणून या पुस्तिकेच्या अखेरीस काही कोरी पाने मुद्दाम ठेवली आहेत. दरवर्षी तारीख, गाव, ऐकायला कोण होते त्यांची नावे, आणि या वर्षी वचनाच्या आत नव्याने काय घेतले ते एका ओळीत लिहावे. बदली झाली की पुस्तिका सामानात घ्यायला विसरू नये. घरात कुणाला लिहिता येत नसेल तर शाळकरी मुलाकडून लिहून घ्यावे. सही किंवा अंगठा मात्र ज्याचे वचन, त्याचाच हवा.